मालूताईंचं नाक आणि कांदेनवमी

कृष्णकांत वैशंपायनांना 'नको' म्हणता येत नाही, असं त्यांच्या बिल्डिंगमध्ये बोललं जाई. हा आरोप अन्यायाचा होता. ते 'नको' म्हणत. फक्त ते इतकं हळू म्हणत, आणि म्हणताना ताटावर हात आडवा धरायचा सोडून तो हात संकोचाने असा काही मागे घेत, की वाढणाऱ्याला वाटे, मागायला लाजताहेत बिचारे. मग वाढणारा दुप्पट वाढी. न मागितलेलं बरंच काही त्यांनी आयुष्यभर असं निमूटपणे संपवलं होतं, आणि त्यामुळे आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. आषाढातल्या त्या रविवारी मात्र बिघडायची वेळ आली.

त्या रविवारी कांदेनवमी होती. चातुर्मास लागला की कांदा-लसूण बंद, म्हणून त्याआधीच्या नवमीला कांद्याला पोटभर निरोप द्यायचा, ही रीत खांदा कॉलनीतली ती बिल्डिंग मोठ्या निष्ठेने पाळी. पुढचा चातुर्मास ती तितक्याच निष्ठेने पाळी असं म्हणता येणार नाही, पण निरोपात कसूर नसे. तळमजल्यावरचे अवधूत परचुरे दरवर्षी सगळ्यांना जेवायला बोलवत. परचुरे बँकेत नोकरीला होते, आणि बँकेत नसत तेव्हा लोकांना सल्ले देत.

"तुम्ही जाऊन या," मालूताईंनी सकाळीच सांगून ठेवलं होतं. "दोघंही गेलो नाही तर बरं दिसत नाही. पण फक्त भात आणि ताक. कळलं का? आज सहाला डॉक्टरांकडे जायचंय."

"भात आणि ताक," कृष्णकांत म्हणाले. एकदा मनातही म्हणाले.

मालूताईंना वास येत नव्हता. चार वर्षांपूर्वी त्यांना एक सर्दी झाली, ती गेली, आणि जाताना वास घेऊन गेली. आधी दोघांनी ते हसण्यावारी नेलं. मग गॅस चालू राहिला तर कळत नाही म्हणून कृष्णकांत रोज झोपण्यापूर्वी शेगडीची बटणं चाचपायला लागले. मग मालूताईंची जेवणातली चव गेली, तिच्या मागोमाग स्वयंपाकातला जीव गेला. पुण्याला नात झाली, रुचिरा, तेव्हा मालूताईंनी तिला हातात घेऊन तिची टाळू हुंगली. पुन्हा हुंगली. मग बाळ सुनेकडे देऊन त्या बाथरूममध्ये गेल्या आणि नळ सोडून रडल्या. कृष्णकांत टॉवेल घेऊन दाराबाहेर उभे होते. हाक मारावी की मारू नये, हे त्यांचं ठरेपर्यंत नळ बंद झाला होता.

नाक-कान-घसावाल्यांचे सगळे उपाय थकल्यावर ते जुन्या पनवेलमध्ये तळ्याजवळ डॉक्टर सबनीसांकडे जायला लागले. सबनीस होमिओपॅथ होते आणि त्यांची औषधं गोड होती. गोड एवढंच काय ते होतं. पथ्य भयंकर. कांदा नाही, लसूण नाही, कॉफी नाही, पान नाही, पुदिना नाही, लवंग-वेलची नाही, अत्तर नाही, आरतीला कापूरसुद्धा नाही. "खायचं तर नाहीच, पण घरात वासही नको," ते सांगत. "उग्र वास आला की माझं औषध मेलं म्हणून समजा." जिला वासच येत नाही तिचं औषध वासाने कसं मरेल, असा प्रश्न कृष्णकांतांच्या मनात आला होता. तो मनातच राहिला. त्यांच्या मनातले बहुतेक चांगले प्रश्न तिथेच म्हातारे होत असत.

गेल्या खेपेला डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले होते, "मालतीबाई, अजून एकदा बघू. फरक नसेल तर मी उगाच गोळ्या देत बसणार नाही. आणि पथ्य मोडलेलं दिसलं, तर त्याच दिवशी औषध बंद." तो 'अजून एकदा' आज सहा वाजता होता.

परचुऱ्यांकडे कृष्णकांतांनी सुरुवात भात-ताकाने केली, याला साक्षीदार आहेत. मग आभावहिनी भजी घेऊन आल्या. कृष्णकांत "नको" म्हणाले. चार भजी पडली. पानात टाकणं हा अन्नाचा अपमान, आणि त्याहून जास्त आभावहिनींचा. भज्यांपाठोपाठ थालीपीठ आलं, थालीपीठावर लसणीची चटणी आली, आणि मग परचुऱ्यांनी स्वतः येऊन एक पांढरा कांदा बुक्कीने फोडून त्यांच्या पानात ठेवला. "काका, अलिबागचा आहे. सफरचंदासारखा खा." कृष्णकांतांनी खाल्ला. खरं सांगायचं तर दुसऱ्या थालीपीठापासून त्यांनी 'नको' म्हणणं सोडून दिलं होतं. दोन वर्षं त्यांनीही घरात पथ्याचंच जेवण जेवलं होतं, आणि माणसाच्या जिभेला विवेक किती असावा यालाही काही मर्यादा आहे.

हात धुताना परचुरे सहज म्हणाले, "आज काकूंना घेऊन सबनीसांकडे ना?"

कृष्णकांतांच्या हातातलं तांब्याचं फुलपात्र मोरीत पडलं.

यानंतर जे सुरू झालं त्याला परचुरे 'काकांचं प्रकरण' म्हणतात आणि अजून रंगवून सांगतात. ते सांगतात त्यातलं निम्मं खोटं आहे, पण उरलेलं निम्मंही काही कमी नाही.

"घाबरू नका," परचुरे म्हणाले. "लवंग धरा दाढेखाली."

"लवंग चालत नाही."

"वेलची?"

"नाही."

"पान खा मस्तपैकी. मसाला पान."

"अवधूतराव, पानाला तर ते आत घेत नाहीत."

"पुदिन्याची गोळी? पेस्टने दात घासा. पेस्टमध्ये काय असतं?"

"पुदिनाच असतो," कृष्णकांत म्हणाले. त्यांच्या घरी दोन वर्षं राखुंडीच होती. ते खाली बसले. एक गुन्हा लपवायचा तर दुसरा करावा लागत होता, आणि दुसऱ्याचा वास पहिल्याहून लांब जाणारा होता. परचुऱ्यांच्या घरात इतका वेळ जे कुणी न लाजता ढेकरा देत होते, ते सगळे आता गोळा होऊन कृष्णकांतांच्या तोंडाविषयी बोलू लागले. शाळेत नापास झाल्यावरही त्यांच्याविषयी इतक्या लोकांनी इतक्या मोकळेपणाने चर्चा केली नव्हती. कुणी दूध प्या म्हणालं. ते त्यांनी दोन पेले प्यायलं. कुणी कच्चे तांदूळ चावा म्हणालं, तेही चावले. प्रत्येक उपायानंतर परचुरे जवळ येऊन "हा करा" म्हणत आणि कृष्णकांतांना भर पंगतीत एका परपुरुषाच्या नाकाशी 'हा' करावं लागे. परचुऱ्यांनी स्वतः पाच कांदे खाल्ले होते, त्यामुळे त्यांचा निकाल कितपत धरायचा हाही प्रश्नच होता.

"पेरूचा पाला," परचुरे शेवटी म्हणाले. "कोवळा. चावून थुंकायचा. त्याला तसा वास नाही, म्हणजे डॉक्टरांची तक्रार नाही."

पेरूचं झाड कॉलनीत एकच होतं, पंपहाऊसच्या कंपाउंडमध्ये, आणि त्याखाली वॉचमन काशिराम खुर्ची टाकून बसे. पाऊस भुरभुरत होता. कृष्णकांत छत्री घेऊन गेटाशी उभे राहिले आणि काशिरामचं लक्ष जाईल याची वाट बघू लागले.

"काय पायजे?" काशिराम म्हणाला.

"थोडा पाला हवा होता."

"पेरू नाय मिलायचं. सायबानं सांगितलंय."

"पेरू नको. पाला."

"पाला?" काशिराम उठून उभा राहिला. "पाला कशाला?"

माझ्या तोंडाला वास येतो, हे एका वॉचमनला सांगणं कृष्णकांतांना या जन्मी शक्य नव्हतं. ते म्हणाले, "पूजेला."

"पेरूचा पाला? कंच्या देवाला?"

कृष्णकांतांनी पुष्कळ वाचलं होतं, पण ऐन वेळी त्यांना एकही देव आठवेना. "नवमीचं असतं एक," ते म्हणाले.

"आमी नाय आयकला कदी. सेक्रेटरीला इचारा, तो बोलला तर घ्या."

सेक्रेटरी टिपणीस जेवून आडवे झाले होते. ते उठले, डोळे चोळले, आणि झोपेतून उठवलेल्या सेक्रेटरीच्या गांभीर्याने त्यांनी प्रश्न हातात घेतला. "त्याचं असं आहे वैशंपायन, कंपाउंड सोसायटीचं. पंपहाऊस आपलं नाही. झाड पंपहाऊसच्या आधीचं. म्हणजे ते नेमकं कुणाचं, यावर मागच्या सभेत दोन मतं पडली. आता फळ तोडू नये असा ठराव आहे. पाल्याबद्दल ठराव नाही. ठराव नाही म्हणजे परवानगी आहे असं काही मला म्हणता येणार नाही. एक छोटा अर्ज टाका, येत्या सभेत घेऊ."

"सभा कधी?"

"दिवाळीनंतर."

टिपणिसांच्या पत्नी आतून हे ऐकत होत्या. त्यांच्या कानावर झाड, ठराव वगैरे काही पडलं नव्हतं. नवमी आणि पेरूच्या पाल्याची पूजा एवढंच पडलं होतं. वैशंपायन वाचणारा माणूस, त्यांनी कुठेतरी जुन्या पोथीत वाचलं असणार. अर्ध्या तासात पाच बायका छत्र्या घेऊन पंपहाऊसवर गेल्या. पाच बायकांना पूजेच्या कामात अडवण्याइतका पगार काशिरामला मिळत नव्हता. झाडाच्या खालच्या फांद्या बोडक्या झाल्या. त्यातलाच एक डहाळा आभावहिनींनी कृष्णकांतांना जिन्यात आणून दिला आणि वाकून नमस्कार केला. "काका, तुमच्यामुळे कळलं हो. आमच्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं."

आशीर्वाद देऊन कृष्णकांत जिन्याच्या वळणावर गेले, भिंतीकडे तोंड केलं, आणि एका नव्या व्रताचे संस्थापक पाला चावू लागले.

पाल्याने कांदा गेला नाही. कांदा, लसूण आणि पाला तिघेही तिथे गुण्यागोविंदाने राहिले.

ते घरात शिरले तेव्हा मालूताई तयार होऊन बसल्या होत्या. ठेवणीतली नऊवारी नाही, पण तिच्या खालोखालची साडी. डॉक्टरांकडे जाताना ती साडी त्या का नेसतात हे कृष्णकांतांना माहीत होतं. दर खेपेला त्यांना वाटे, आज वास येईल.

"अहो, पेरूच्या पाल्याचं कसलं व्रत? आभा येऊन विचारून गेली. उद्यापन कधी करायचं म्हणत होती."

कृष्णकांतांनी तोंडावर रुमाल धरला. मालूताईंना वास येत नाही हे त्यांना ठाऊक होतं. रुमाल धरला तो औषधासाठी. "दाढ," ते रुमालातून म्हणाले.

"काय?"

"दाढ दुखत्ये."

"भात-ताक खाऊन?"

"ताक गार होतं."

मालूताईंनी उठून मिठाचं गरम पाणी करून आणलं, आणि ते गुळण्या करत असताना पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं कृष्णकांतांना वाटलं. माणसाने पथ्य मोडावं, पण मग घरी मायेची माणसं असू नयेत.

डॉक्टर सबनीसांच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर चार-पाच पेशंट होते. आत गेल्यावर कृष्णकांत दाराजवळच्या स्टुलावर बसले, डॉक्टरांपासून जितकं लांब बसता येईल तितकं. तोंड घट्ट मिटलेलं. वीज गेली होती. खिडकीतून येणाऱ्या उजेडात सबनीसांचा चेहरा नेहमीपेक्षा कडक दिसत होता.

"पथ्य?" त्यांनी विचारलं.

"सगळं पाळलं," मालूताई म्हणाल्या. "यांनीसुद्धा."

कृष्णकांतांनी मान हलवली. ती होकाराची होती की कशाची, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

डॉक्टरांनी खणातून हिंगाची बाटली काढली, बूच उघडलं आणि मालूताईंच्या नाकाशी धरली. मालूताईंनी डोळे मिटले. बराच वेळ श्वास घेतला. बाहेर कुणीतरी खोकलं. मालूताईंनी डोळे उघडले आणि हसून मान हलवली. "नाही हो."

डॉक्टरांनी बूच लावलं. ते बोलण्यासाठी शब्द जुळवत आहेत, हे दोघांना दिसत होतं. कृष्णकांतांना त्या क्षणी काय वाटलं ते लिहिणं कठीण आहे. दोन वर्षांच्या गोळ्या आपण आज दुपारी थालीपिठाबरोबर खाल्ल्या, याबद्दल त्यांची खात्री झाली होती. आता उठावं आणि कबूल करावं, असं त्यांनी ठरवलं. ते उठलेसुद्धा.

पण त्यांच्या आधी मालूताई बोलल्या. वाईट बातमी ऐकायची वेळ आली की विषय बदलायचा ही त्यांची जुनी सवय. "माझं राहू द्या डॉक्टर. आधी यांची दाढ बघा. दुपारपासून बोलत नाहीयेत."

"या इकडे," डॉक्टर म्हणाले. बहुधा त्यांनाही विषय बदलायला हवाच होता.

"नको," कृष्णकांत म्हणाले.

"लाजू नका. बसा. मालतीबाई, तो टॉर्च धरा जरा. आ करा."

कृष्णकांतांनी एकदा खिडकीकडे बघितलं. खिडकीला गज होते. त्यांनी डोळे मिटले आणि आ केला.

डॉक्टर एका बाजूने वाकले, मालूताई दुसऱ्या बाजूने टॉर्च घेऊन वाकल्या. क्षणभर काहीच झालं नाही. मग डॉक्टरांचं डोकं झटक्याने मागे गेलं. त्यांनी रागाने तोंड उघडलं, पण त्यातून आवाज येण्याआधी मालूताई म्हणाल्या, "कांदा."

टॉर्चचा प्रकाश कृष्णकांतांच्या तोंडातून नाकावर आणि नाकावरून छतावर गेला.

"काय म्हणालात?" डॉक्टर म्हणाले.

"कांदा. कच्चा." मालूताई पुन्हा वाकल्या, अगदी जवळ, लग्नाच्या इतक्या वर्षांत चारचौघांत कधी आल्या नव्हत्या इतक्या जवळ. "लसूण पण आहे. आणि काहीतरी तुरट... पाला." त्या सरळ झाल्या. "पेरूचा पाला."

कृष्णकांत तोंड मिटायला लागले.

"मिटू नका," डॉक्टर कडाडले. "उघडं ठेवा. अहो, पुरावा आहे तो." ते खोलीत दोन फेऱ्या मारून आले. रागवावं की आनंदावं हे त्यांना कळत नव्हतं, आणि दोन्ही एकदम करायचा त्यांचा प्रयत्न चालला होता. "पण आज कांदेनवमी आहे, मालतीबाई. तुम्ही अंदाजाने म्हणाला असाल. पाल्याचं तुम्हाला आधी कळलंही असेल. मी अंदाज धरत नाही. गणू."

कंपाउंडर गणू आला. डॉक्टरांनी हिंगाची बाटली उघडून स्वतः हुंगली, मग पुन्हा हुंगली. "हा हिंग कधीचा?"

"तुमच्या वडलांच्या वेळचा असंल," गणू म्हणाला.

डॉक्टरांनी बाटली खिडकीबाहेर टाकली आणि बाहेरचे सगळे पेशंट आत बोलवायला सांगितलं.

पुढचा प्रकार कृष्णकांतांनी शक्यतो कुणाला सांगितलेला नाही. मालूताईंच्या डोळ्यांवर गणूचा धुतलेला पंचा बांधला. सगळ्या पुरुषांना भिंतीला ओळीने उभं केलं, त्यात कृष्णकांत आणि गणूसुद्धा. मग एकेकाने पुढे होऊन मालूताईंच्या समोर 'हा' करायचं. चामखिळीसाठी आलेला भरत नावाचा एक तरुण, एक निवृत्त मास्तर, कुणाचा तरी सोबती. सगळे इतके गोंधळले होते की कुणी का म्हणून विचारलं नाही. डॉक्टर सांगतात म्हणजे तपासणीच असणार.

मास्तरांनी 'हा' केलं. "काही नाही," मालूताई म्हणाल्या. गणूने केलं. "तंबाखू." डॉक्टरांनी गणूकडे रोखून बघितलं. कृष्णकांत पुढे झाले, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होऊन त्यांनी बायकोच्या तोंडावर 'हा' केलं.

"हे आमचे."

डॉक्टरांनी ओळ बदलली. मालूताईंनी पुन्हा ओळखलं. डॉक्टरांनी पुन्हा बदलली आणि या वेळी भरतला पुढे ढकललं. मालूताई घुटमळल्या. "कांदा," त्या म्हणाल्या. सगळं फुकट गेलं असं कृष्णकांतांना वाटलं. पण मालूताईंनी कपाळाला आठ्या घालून पुन्हा एकदा श्वास घेतला आणि मान हलवली. "कांदा आहे. पण हा परका आहे. आमचा पांढरा, गोडसर. हा लाल, तिखट."

सगळे भरतकडे बघू लागले.

"भरत," डॉक्टर म्हणाले. "पथ्य?"

"आमच्यात आज कांदेनवमी होती, डॉक्टर," भरत म्हणाला. "आईनं ऐकलं नाय."

मालूताईंनी डोळ्यांवरचा पंचा सोडला. त्या कुणाकडेच बघत नव्हत्या. खुर्चीवर बसून त्यांनी पंचाच नाकाशी धरला. "साबण," त्या म्हणाल्या, आणि मग बराच वेळ तोंड पंचात घालून बसून राहिल्या. या वेळी कृष्णकांतांनी फार विचार केला नाही. ते जाऊन शेजारी उभे राहिले.

डॉक्टर सबनीस आता अगदी वेगळा माणूस झाले होते. एवढा कांदा, एवढा लसूण समोर असूनही औषध मेलं नाही, म्हणजे औषध किती खोलवर गेलं असेल बघा, हे त्यांनी मास्तरांना दोनदा समजावून सांगितलं. औषध अजून सहा महिने चालू राहणार होतं. पथ्यही. "आणि तुम्ही," ते कृष्णकांतांना म्हणाले, "तुमचा मला भरवसा नाही. तुम्हाला वेगळ्या गोळ्या देतो. रात्री स्वप्नं पडतात का? अंधाराची भीती वाटते का? गोड आवडतं की खारट?" या सगळ्या प्रश्नांची उत्तरं कृष्णकांतांना भरत, मास्तर आणि गणू यांच्यासमोर द्यावी लागली. अंधाराची भीती वाटते, हे मालूताईंनीच सांगून टाकलं.

बाहेर पाऊस वाढला होता. रिक्षा मिळाली, तिचे पडदे फाटलेले होते. मालूताई बसल्यापासून वास मोजायला लागल्या. "पेट्रोल," त्या म्हणाल्या. "ओलं रेक्झिन." बाजारावरून जाताना, "सुकट. अहो, सुकट." सुकट हा शब्द त्यांनी अशा सुरात उच्चारला, की आयुष्यभर शाकाहारी राहिलेल्या कृष्णकांतांनी दचकून बघितलं. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. "आजी, तुमाला बरं वाटत नाय काय?"

"मला फार बरं वाटतंय," मालूताई म्हणाल्या.

कृष्णकांतांना वाटलं, आता क्षमेचं काहीतरी निघेल. निदान आभाराचं तरी. काही झालं तरी सगळं त्यांच्यामुळेच झालं होतं. हेतू तसा नव्हता, पण हेतूचा विचार करायचा तर जगातल्या पुष्कळ चांगल्या गोष्टींचे हिशेब बदलावे लागतील. ते घसा साफ करून जरा सरसावून बसले. "मालू," ते म्हणाले.

"भात आणि ताक," मालूताई म्हणाल्या.

ते गप्प बसले.

"दाढ."

ते आणखी गप्प बसले.

"ताक गार होतं म्हणे. आणि त्या बिचाऱ्या आभाने पाल्याची पूजा केली. उद्या तिला काय सांगायचं ते तुम्हीच सांगा, मी नाही सांगणार. अहो, बोलू नका. तोंड उघडू नका, फार येतोय. सरका तिकडे."

कृष्णकांत सरकले. सरकायला फारशी जागा नव्हती, त्यामुळे त्यांचा डावा खांदा फाटक्या पडद्याबाहेर गेला आणि भिजायला लागला. डोक्यावर पाणी ठिबकत होतं. त्यांच्या मनात पुष्कळ काही आलं, कांद्याबद्दल, पथ्याबद्दल, परचुऱ्यांबद्दल, एकूण माणसाला मिळणाऱ्या न्यायाबद्दल. तोंड उघडायची बंदी होती, म्हणून ते सगळं मनातच राहिलं.

मालूताई रिक्षाच्या दुसऱ्या टोकाला, नाकाला पदर लावून, बाहेर बघत बसल्या होत्या. मात्र दर थोड्या वेळाने त्या हळूच त्यांच्याकडे झुकत, पदर बोटभर खाली करत, वास अजून येतोय याची खात्री करून घेत, आणि पुन्हा नाक झाकून घेत.